गाळाचं वय सांगणारी मोहीम

१९६६ साली अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेशी करार केला आणि 'डीप सी ड्रिलिंग प्रोजेक्ट' आकाराला आला. ऑगस्ट १९६८मध्ये 'ग्लोमार चॅलेंजर' हे जहाज कामाला लागलं. त्याच्या उंच मनोऱ्याचं आणि समुद्रतळापर्यंत सोडलेल्या नळांचं कौतुक झालं, ते योग्यच. पण नळावरून कळते ती खोली. वयासाठी सगळी भिस्त होती सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्या जीवाश्मतज्ज्ञांवर.

सुमारे साडेनऊ मीटरचा गाभा, म्हणजे नळातून काढलेला गाळाचा दंडगोल, वर आला की त्याच्या तळटोकाचा थोडा गाळ लगेच प्रयोगशाळेत जायचा. तो धुऊन चाळला की चाळणीत फोरॅमिनिफेरा या एकपेशी जीवांची कवचं उरतात. काचपट्टीवर नुसता फासला, तरी कोकोलिथ, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या चुनखडी चकत्या, दिसतात. हे जीव पाण्यात तरंगत महासागरभर पसरले आणि त्यांच्या जाती भराभर बदलत गेल्या. म्हणून हजारो किलोमीटर दूरचे दोन थरही एकाच काळाचे आहेत, हे ओळखता येतं. हँटकेनिना हा काटेरी फोरॅमिनिफेरा ३ कोटी ३९ लाख वर्षांपूर्वी नाहीसा झाला. तो जिथे संपतो तिथेच इओसीन युगाची अखेर मानतात.

तिसरी सफर माझ्या मते सगळ्यांत मोलाची. डिसेंबर १९६८मध्ये जहाज डाकारहून रिओकडे निघालं. दक्षिण अटलांटिकमधल्या मध्यवर्ती पर्वतरांगेच्या दोन्ही अंगांना भोकं पाडून, बेसाल्टला टेकलेल्या सर्वांत खालच्या गाळाचं वय काढलं गेलं. रांगेजवळचा गाळ तरुण निघाला, आणि अंतर वाढेल त्या प्रमाणात वय वाढत गेलं. दोन्ही बाजूंना तळ वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर सरकत होता! खडकांतल्या चुंबकीय पट्ट्यांवरून हा अंदाज आधी बांधलेला होता. जीवाश्मांनी त्याला स्वतंत्र साक्ष दिली.

१९८३पर्यंत ९६ सफरी झाल्या, ९७ किलोमीटरांहून जास्त गाभे हाती आले. १९८५पासून 'जॉइडीस रेझोल्यूशन' जहाजाने काम पुढे नेलं. कार्यक्रमाची नावं बदलली, काम तेच राहिलं.

२०१५मध्ये हे जहाज अरबी समुद्रात, लक्ष्मी खोऱ्यात आलं. मोहिमेचे सहप्रमुख होते पीटर क्लिफ्ट आणि गोव्यातल्या राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे. तिथे 'नटराज' या समुद्राखालच्या प्रचंड भूस्खलनाचा गाळ खोदला गेला. कोसळलेल्या ढिगात वेगवेगळ्या काळांचे जीवाश्म एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे त्यातला एखादा उचलून वय ठरवता येत नाही. वर शांतपणे साचलेला थर मात्र भरवशाचा असतो. त्यावरून ही दरड सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी, किंवा त्याच्या किंचित आधी, कोसळल्याचं ठरलं.

२०२४मध्ये 'जॉइडीस रेझोल्यूशन'ची वैज्ञानिक कारकीर्द थांबली. गाभे मात्र ब्रेमेन, टेक्सास आणि जपानमधल्या कोची इथल्या भांडारांत जपून ठेवले आहेत. हिंदी महासागराचे गाभे कोचीत आहेत. संशोधकांना अर्ज करून त्यांतले नमुने मिळतात. आपल्या विद्यापीठांतल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते जरूर मागवावेत.