घरच्या केकसाठी मिक्सर निवडताना

केकसाठी नेहमीचा वाटणाचा मिक्सर पुरेसा ठरत नाही. त्याची पाती पदार्थ बारीक करतात. केक हलका होतो तो लोणी-साखर फेटताना त्यात मिसळलेल्या हवेमुळे. त्यासाठी १५० ते ३०० वॅटचा, वेगाचे तीन-चार टप्पे असलेला हँड मिक्सर पुरतो. ३०० वॅटचे यंत्र दहा मिनिटे चालविल्यास जेमतेम ०.०५ युनिट वीज लागते. पावाचे घट्ट पीठ मात्र त्यावर मळू नये. मोटार तापून जळण्याचा धोका असतो. ते हातानेच मळावे, अथवा वारंवार पाव करावयाचा असल्यास स्टँड मिक्सर घ्यावा.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सोनाळ्यासारख्या (ता. संग्रामपूर, जि. बुलडाणा) गावात स्वस्त यंत्र बिघडल्यास महागच पडते. म्हणून किमतीआधी आयएसआय चिन्ह, हमीपत्र आणि जवळचे दुरुस्ती केंद्र पाहावे.