नाव राजाचे, अट देणगीदारांची

परळच्या के. ई. एम. रुग्णालयाला सातव्या एडवर्ड राजाचे नाव आहे. त्याचा खरा इतिहास मात्र देणगीच्या एका अटीत आहे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून होते. पण तेथील प्राध्यापकपदे बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. भारतीयाने वैद्यक शिकावे, शिकवू नये, असाच त्या व्यवस्थेचा अर्थ होता. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी नव्या महाविद्यालयासाठी देणगी देताना या व्यवस्थेवरच बोट ठेवले : अध्यापक भारतीयच असावेत आणि ते सरकारी सेवेतील नसावेत. महापालिकेने अट स्वीकारली. १९२६ मध्ये गिरणगावाच्या ऐन वस्तीत रुग्णालय व महाविद्यालय सुरू झाले. पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले डॉ. जीवराज मेहता १९४२ पर्यंत त्याचे अधिष्ठाता होते.

दारावर सम्राटाचे नाव आणि आत सम्राटाच्याच नोकरशाहीला मज्जाव! पारतंत्र्यातील प्रतिकार नेहमी घोषणांच्या भाषेत बोलत नाही. कधी तो दानपत्रातील एका कलमाच्या कोरड्या गद्यातही असतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाने असे गद्यही वाचायला हवे.