जुन्या कामातलं पाणी

ठाकुर्लीच्या चोळा पॉवर हाऊसमध्ये 1929 च्या सुमारास जीआयपी रेल्वेनं कोळशावर वीज करायला सुरुवात केली. गाड्या विजेवर घाट चढू लागल्या, त्या काळातली ही गोष्ट. कोळसा वाघिणींतून यायचा. तो काढणाऱ्यांचं काय होतं, हे कल्याण-डोंबिवलीत कळायला काही मार्ग नव्हता. माझी नोकरी त्या दुसऱ्या टोकाला झाली. वणी-बल्लारपूरकडच्या खाणींत मी सर्व्हेअर होतो. निवृत्त झाल्यावर मुलाकडे डोंबिवलीला आलो.

खाणीत भीती कशाची, असं इथले लोक विचारतात. छताची असते, गॅसचीही असते. पण सैल छत ठोकलं की पोकळ आवाज देतं, आणि गॅस असला की सेफ्टी लॅम्पच्या ज्योतीवर निळसर टोपी चढते. जुन्या कामात साठलेलं पाणी पुष्कळदा काहीच कळू देत नाही. कोळसा काढून सोडून दिलेल्या गॅलऱ्या वर्षानुवर्षं भरत राहतात आणि शेजारची चालू खाण एकेका पाळीनं त्यांच्याकडे सरकत असते. मधे उरतो तो कोळशाचा बांध, आमच्या भाषेत बॅरियर. तो किती जाड आहे ते नकाशाच सांगणार.

वरोऱ्याची सरकारी खाण 1871 मध्ये सुरू झाली आणि 1906 मध्ये बंद पडली. म्हणजे वर्धा खोऱ्यात सोडलेल्या कामांना शंभरावर वर्षं झाली. 10 डिसेंबर 1954 रोजी छिंदवाड्याच्या परासिया भागातल्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसलं आणि साठहून अधिक माणसं गेली. तो मुलूख तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. आमच्या जुन्या ओव्हरमननी, म्हणजे पाळीवर देखरेख करणाऱ्यांनी, ती हकिगत वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली होती. 1957 च्या कोळसा खाण नियमांत साठ मीटरची अट होती. जुनी कामं तेवढ्या अंतरात आली की परवानगीशिवाय पुढे जायचं नाही, आणि परवानगी मिळाली तरी आधी भोकं मारून समोरचं आणि बाजूचं चाचपत जायचं.

पण हे साठ मीटर मोजायचे कुठून? 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळच्या चासनाळ्यात जुन्या कामातलं पाणी फुटलं आणि 375 जण बुडाले. मी नोकरीत नवा होतो. आमच्या साहेबांनी कपाटातली सगळी भेंडोळी बाहेर काढायला लावली. ट्रेसिंग कापडावरचे ते नकाशे दमट हवेनं आक्रसलेले. स्केल लावलं तर एका अंगाला बरोबर, दुसऱ्या अंगाला कमी. काहींवर उत्तरेचा बाण होता, पण कंपासनं कुठल्या वर्षी घेतलेली उत्तर, ते लिहिलेलं नव्हतं. चुंबकीय उत्तर वर्षागणिक सरकते. वर्ष नसेल तर अख्खा नकाशा फिरतो. काही ठिकाणी खाण बंद होता होता शेवटच्या महिन्यांत काढलेला कोळसा नकाशावर चढवलाच नव्हता. अशा रेषेच्या भरवशावर चारशे माणसांची पाळी खाली सोडायची! त्यानंतर जुन्या नकाशावर मी सही केली ती आकडे पुन्हा जुळवून, आणि शंका आली तिथे भोक मारायला लावलं. उत्पादन अडतं म्हणून बोलणी खाल्ली, पण त्याशिवाय सही केली नाही.

नकाशा नीट असला की काय होतं, तेही पाहा. नोव्हेंबर 1989 मध्ये राणीगंजच्या महावीर खाणीत असंच पाणी शिरलं. सहा जण गेले, पण अडकलेल्या 65 जणांना जसवंतसिंग गिल यांनी जमिनीवरून पाडलेल्या भोकातून पोलादी कुपी सोडून एकेक करून वर काढलं. ते भोक नेमकं माणसांजवळ उतरलं, त्यात मोजणीदारांचा हात आहे. त्यांची आठवण कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

डोंबिवलीत 26 मे 2016 ला प्रोबेस या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, बारा जण गेले. 23 मे 2024 ला सोनारपाड्याजवळ अमुदान केमिकल्समध्ये पुन्हा झाला. काही मृतांची ओळख डीएनएवरून पटवावी लागली. दोन्ही वेळा एमआयडीसीच्या आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या, आणि लोक एकमेकांना विचारत होते, तिथे बनत काय होतं? हा प्रश्न मला फार ओळखीचा वाटला. भिंतीपलीकडे काय साठलंय ते आधी कुणी दाखवलेलंच नव्हतं. भोपाळच्या वायुगळतीनंतर, 1987 मध्ये, कारखाना कायद्यात कलम 41-ब घातलं गेलं: कारखान्यातल्या धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या लोकांनाही द्यायची. आमच्या सोसायटीत असा कागद आजवर आलेला नाही.

कुठल्या प्लॉटवर कुठलं रसायन, किती, आणि त्यापासून वस्ती किती मीटरवर, हे दाखवणारा, तारीख घातलेला नकाशा प्रत्येक प्रभाग कार्यालयात लावावा आणि दर वर्षी पुन्हा मोजून काढावा. मोजायला माणसं कमी पडली तर खाणीतून निवृत्त झालेले आम्ही काही सर्व्हेअर याच गावात राहतो. बोलवा, टेप घेऊन येतो.