रेडिओ-नियंत्रित ऑफ-रोड ट्रक शर्यत
रेडिओ-नियंत्रित ऑफ-रोड ट्रक शर्यत : दूरनियंत्रकाने चालणाऱ्या लघुप्रतिकृती ट्रकांची मातीच्या वळणदार, उंचवट्यांच्या मार्गावरील स्पर्धा. अमेरिकेत हा छंद विशेष रुजला. तेथील ‘रोअर’ ही नियामक संघटना १९६७ मध्ये स्थापन झाली. १/१० प्रमाणाच्या ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेल मार येथे झाली.

या शर्यतींतील ‘स्टेडियम ट्रक’ हा प्रकार १/१० प्रमाणाचा (मूळ गाडीच्या एकदशांश आकाराचा) असून त्याची मागील चाकेच इंजिनाने वा मोटरीने फिरतात. बॅटरीवरील ट्रकात हल्ली बहुधा ७.४ व्होल्टची लिथियम-पॉलिमर बॅटरी व ब्रशविरहित मोटर असते.

स्पर्धा बहुधा शनिवार-रविवारी भरते. सरावानंतर पात्रता फेऱ्या होतात. विजेवरील गटांत फेरी साधारण ५ मिनिटांची असते. ट्रकातील ट्रान्सपाँडर या संकेतप्रेषकामुळे प्रत्येक फेरा नोंदला जातो. निकालानुसार स्पर्धक ‘ए’, ‘बी’ अशा अंतिम शर्यतींत विभागले जातात. चालक उंच मचाणावर उभे राहतात. उलटलेला ट्रक मार्गावरचे मदतनीस (मार्शल) सरळ करतात. आपली शर्यत संपल्यावर पुढच्या शर्यतीत मार्शलचे काम करणे स्पर्धकावर सहसा बंधनकारक असते. माती ओली, कोरडी वा घट्ट होईल तसे टायर आणि धक्काशोषकातील (शॉकमधील) तेल बदलावे लागते.