चेलोचा स्वर आणि कलावंताचें मौन

गायकाच्या गळ्याशीं जवळीक सांगणारें वाद्य म्हटलें कीं आपल्याला सारंगी आठवते. पाश्चात्त्य रसिकांपैकीं पुष्कळजण तो मान चेलोला देतात. चेलो हें व्हायोलिनच्या कुळांतील चार तारांचें थोरलें भावंड. खुर्चीवर बसून, गुडघ्यांमध्यें धरून तें गजानें वाजवितात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसहि एकल वादनांत त्याची पायरी व्हायोलिनच्या खालचीच समजली जाई. ती समजूत बदलण्यांत ज्यांचा वांटा फार मोठा, त्या पाब्लो कासाल्स यांच्याविषयीं आज बोलावयाचें आहे.

कासाल्स यांचा जन्म २९ डिसेंबर १८७६ रोजीं कॅटलोनियांतील एल् व्हेंद्रेल गांवीं झाला. वडील चर्चमध्यें ऑर्गन वाजवीत. त्या काळीं विद्यार्थ्याला काखेंत पुस्तक धरावयास लावून गज शिकवीत. त्यामुळें हात जखडून राही. कासाल्स यांनीं तो मोकळा केला. डावा पंजा वारंवार सरकविण्याऐवजीं बोटें ताणून स्वर घेण्याची रीत त्यांनीं अवलंबिली. त्यामुळें नको असलेली घसीट टळून स्वर निखळ उमटूं लागला.

१८९० मध्यें बार्सिलोनांतील एका जुन्या दुकानांत या तेरा वर्षांच्या मुलाच्या हातीं बाखच्या सहा चेलो-सुइटची प्रत आली. नृत्यांच्या चालींवर बांधलेल्या या रचना लोक बहुधा सरावाचे पाठ समजत. मैफलींत वाजलाच तर एखादा तुकडा वाजे. कासाल्स यांनीं सुमारें बारा वर्षें त्यांचा एकांतांत अभ्यास केला, आणि मगच एक अखंड सुइट श्रोत्यांपुढें ठेवली. १९३६ ते १९३९ या काळांत त्यांनीं साही सुइट तबकड्यांवर मुद्रित केल्या.

१९२० मध्यें त्यांनीं बार्सिलोनांत स्वतःचा वाद्यवृंद उभारला, आणि १९२६ पासून कामगारांसाठीं मैफलींची संस्था चालविली. जुलै १९३६ मध्यें बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीची तालीम चालू असतां लष्करी बंडाची वार्ता आली. वादकांनीं व गायकांनीं शेवटपर्यंत तालीम पुरी केली व मगच ते पांगले, असें कासाल्स यांनींच पुढें सांगितलें आहे. १९३९ मध्यें फ्रँकोचा जय झाला. कासाल्स फ्रान्समधील प्राद या लहानशा गांवीं राहूं लागले आणि छावण्यांतील निर्वासित देशबांधवांसाठीं मदत गोळा करूं लागले.

श्रोतेहो, त्यांची खरी परीक्षा पुढेंच होती. १९४५ मध्यें महायुद्ध संपलें, तरी विजयी राष्ट्रांनीं फ्रँकोची सत्ता तशीच राहूं दिली. कासाल्स यांनीं निषेध म्हणून जाहीर वादनच थांबविलें. वय सत्तरीच्या घरांत. वादकाच्या बोटांना त्या वयांत एकेक वर्ष महाग असतें. यानें राजकारण बदललें काय? नाहीं, फ्रँको १९७५ पर्यंत सत्तेवर राहिला. मग हा त्याग वायां गेला काय? मला तसें वाटत नाहीं. ज्या स्वरासाठीं जन्म वेचला, तो अन्यायाकडे डोळेझांक करणाऱ्यांची करमणूक होऊं नये, एवढाच त्यांचा आग्रह होता.

१९५० मध्यें बाखच्या मृत्यूस दोनशें वर्षें झालीं. कासाल्स बाहेर येत नाहींत, म्हणून नामांकित वादकच प्रादला गेले, आणि तेथें त्यांचा चेलो पुन्हां बोलूं लागला.

२२ ऑक्टोबर १९७३ रोजीं पोर्टो रिको येथें त्यांचें देहावसान झालें. १९७९ मध्यें त्यांच्या अस्थि एल् व्हेंद्रेलला परत आल्या. त्या जुन्या तबकड्यांवरील वादन आजहि ऐकावयास मिळतें. तें ऐकतांना हा स्वर किती वर्षांच्या एकांतांतून आला, आणि पुढें तो कां थांबला, या दोन्ही गोष्टी ध्यानांत असाव्यात.