फरशीखालचा इतिहास

स्वयंपाकघरातल्या फरशीला तडा गेला, तोही एका सरळ रेषेत. दोष कुणाला देणार? आठ वर्षांपूर्वी प्लायवूडवर थेट टाइल मीच चिकटवल्या होत्या! तडा बरोबर प्लायवूडच्या सांध्यावर होता.

न्यू जर्सीतलं आमचं घर १९२०च्या दशकातलं, लाकडी. लाकूड दमट उन्हाळ्यात फुगतं, हिवाळ्यात आकसतं. टाइल मात्र जागची हलत नाही. त्यामुळे दोघांच्या मध्ये काय घालायचं, हा इथल्या गवंड्यांचा जुनाच प्रश्न. पूर्वी ते फळ्यांवर डांबरी कागद आणि तारेची जाळी अंथरून इंचभर जाड मसाला घालत. १९५०च्या दशकापासून पातळ थराचे मसाले आले. काम झटपट होऊ लागलं, पण लाकडाची हालचाल सोसणारी ती जाड गादी गेली. तिची जागा पुढे सिमेंट बोर्डाने घेतली.

हे वाचल्यावर आजोळचा वाडा आठवला. माडीवर तक्तपोशीवर मातीचा जाड थर आणि वर सारवण. युक्ती तीच की!

असो. उकरताना प्लायवूडखाली नऊ इंची जुन्या टाइल आणि काळा डिंक निघाला. हात थांबले. त्या काळच्या अशा टाइलमध्ये बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉस असे. नमुना तपासायला पाठवला. निघालंच. न फोडता झाकलेलं असलं तर ते फारसं त्रास देत नाही, पण मी तेव्हा त्यातूनच शेकडो स्क्रू मारले होते, आणि मुलगी शेजारच्या खोलीत रांगत होती... त्या रात्री झोप लागली नाही.

परवानाधारक माणसांकडून ते काढून घेतलं. खाली तिरक्या फळ्या. आधी तुळया तपासल्या. नियम असा की १२ फुटी तुळई भाराखाली ०.४ इंचापेक्षा जास्त वाकता कामा नये, म्हणजे लांबीच्या ३६०व्या भागाहून कमी. सिमेंट बोर्डाने जमीन मजबूत होत नाही, हे मला आत्ता कळलं! म्हणून एक तुळई जोड देऊन बळकट केली. मग नवं प्लायवूड, त्यावर मसाल्यात बसवलेलं बोर्ड, सांधे एकावर एक येऊ न देता.

माझ्याआधीच्या प्रत्येकाने फक्त झाकलं. मीही तेच केलं होतं. यावेळी काय काढलं, काय घातलं, ते तारखेसह कागदावर लिहून सिंकखालच्या कपाटात आतून चिकटवलंय. पुढच्याला उकरताना उपयोगी पडेल.