अखेरच्या टप्प्यातील रुग्णांवर संशोधन: संमती कोणाची, नियम काय सांगतात?

पालघर किंवा बोईसरहून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जायचं, तर रेल्वेचा सुमारे दोन तासांचा प्रवास. कॅन्सर आता बरा होणार नाही, हे कळल्यावर त्या रुग्णाला कुणी 'संशोधनात सहभागी व्हाल का?' असं विचारावं का?

असं संशोधन गरजेचं का आहे?

टाटा मेमोरियलमध्ये डोकं आणि मानेच्या, बरा न होणाऱ्या कॅन्सरच्या 151 रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. काही रुग्णांना तोंडावाटे घ्यायच्या औषधांसोबत निवोलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी दिलं गेलं. एक वर्षानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेलं. पूर्ण मात्रा परवडत नाही अशा रुग्णांसाठी यातून मार्ग निघाला. अशा रुग्णांना संशोधनापासून दूरच ठेवलं असतं, तर हे कळलंच नसतं.

मग अडचण कुठे आहे?

सगळे उपाय थकलेला माणूस संशोधनालाच उपचार समजू शकतो. संशोधनातून पुढच्या रुग्णांसाठी उत्तर शोधलं जातं, सहभागी रुग्णाला फायदा होईलच असं नाही. शिवाय जादा तपासण्या आणि फेऱ्या यांत जाणारे दिवस त्याच्या उरलेल्या दिवसांतूनच वजा होतात.

नियम काय आहेत?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं मरणासन्न रुग्णांना 'असुरक्षित' गटात धरतात. आदिवासी समाजही त्याच गटात येतो. औषधचाचण्यांना 2019 चे नियम लागू आहेत. रुग्णाला लिहिता-वाचता येत नसेल, तर संमती घेताना तटस्थ साक्षीदार लागतो. नव्या औषधी घटकाची चाचणी असेल, तर असुरक्षित गटातील व्यक्तीच्या संमतीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं.

पालघरमध्ये हे कठीण का?

जिल्ह्यात वारली, कातकरी, कोकणा समाज मोठ्या संख्येने आहे. तारापूर एमआयडीसीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार आहेत. प्रमाण मराठीतला किंवा इंग्रजीतला फॉर्म त्यांच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही.

दुसरी अडचण घरातली. 'बाबांना आजाराचं नाव सांगू नका,' असं मुलं डॉक्टरांना सांगतात. पण आजारच माहीत नसलेल्या माणसाची सही म्हणजे संमती नव्हे. रुग्ण निर्णय घेऊ शकत असेल, तोवर संमती त्याचीच लागते. तो शुद्धीवर नसेल किंवा निर्णयक्षम नसेल, तरच कायदेशीर प्रतिनिधी सही करू शकतो.

चाचणीमुळेच मृत्यू झाला तर?

भरपाई ठरवताना 8 लाख रुपये ही मूळ रक्कम धरली जाते, त्यावर वय आणि धोक्याचे गुणक लागतात. सहा महिन्यांहून अधिक जगण्याची शक्यता नसलेल्या रुग्णासाठी धोक्याचा गुणक 0.5 आहे, निरोगी स्वयंसेवकासाठी 4. म्हणजे वय सारखं असलं, तरी भरपाईत आठपट फरक पडतो. थोडं आयुष्य उरलेल्याचा जीव इतका स्वस्त मानायचा का, हा प्रश्न या तक्त्यातून उभा राहतो.

सही करण्यापूर्वी काय विचारावं?

यात उपचार कोणता आणि प्रयोग कोणता? किती वेळा यावं लागेल, प्रवासखर्च कोण देणार? त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? नकार दिला किंवा मधूनच बाहेर पडलं, तरी रुग्णाचे नेहमीचे उपचार आणि वेदनाशामक औषधं थांबवता येत नाहीत. 'नाही' म्हणण्याचा हक्क शेवटच्या दिवसापर्यंत त्याचाच असतो.